पडीक रानातला हुरडा

राहीबाईने वकीलपत्राची घडी उलगडली आणि विष्णुपंतांच्या मेजावर, त्यांच्या चहाच्या बशीला लागून ठेवली. खालच्या कोपऱ्यात नव्या वकिलाने, शामकांतने, पेन्सिलीने फुली मारून दिली होती. वकील बदलायला आपली हरकत नाही, अशी जुन्या वकिलाची सही तिथे हवी होती.

विष्णुपंतांनी चष्मा चढवला, कागद वाचला आणि हसले.

"शामकांत? अगं, त्याच्या काळ्या कोटाची घडी अजून मोडली नाही. मी तीन वर्षं तुझा दावा चालवतोय."

"चालतुया कुठं, वकीलसाहेब? बसलाय न्हवं."

नवऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत दीर आप्पासाहेबाने तिच्या वाटणीच्या रानात औत घातलं होतं. कोर्टात मात्र त्याने बेधडक लिहून दिलं, की त्या रानात मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, रान पडीक आहे. दर तारखेला राहीबाई भाकरी बांधून श्रीगोंद्याकडून नगरला यायची, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसायची, आणि विष्णुपंत पुढची तारीख घेऊन बाहेर यायचे. तिने कधी चकार शब्द काढला नाही. शिकलेला माणूस, त्याला जास्त कळतं, अशी स्वतःची समजूत घालायची. आता त्या भोळेपणाचीच तिला चीड येत होती.

"पौषात हुरडा गोड हुता का?" तिने विचारलं.

विष्णुपंतांचा हात बशीवरच थांबला.

शेहेचाळीस सालच्या त्या पौषात तिने बांधावरून सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्याच रानात आगटी पेटली होती. आप्पासाहेब गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजत होता, आणि घोंगडीवर मांडी ठोकून बसलेला तिचा वकील तळहातावरचे दाणे फुंकून तोंडात टाकत होता. लसणाची चटणी वाढून घेत होता. हसत होता! तिच्या अंगाची लाही लाही झाली होती.

"ते मनात धरलंस होय?" विष्णुपंत सावरून म्हणाले. "हुरड्याचं आमंत्रण कोणी मोडतं का? दावा वेगळा, पाहुणचार वेगळा."

"मंग मला बी बोलवायचं. रान माझं हुतं."

विष्णुपंतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि फुलीवर फर्रकन सही ठोकली.

"घे! उद्या रडत आलीस तर दारात उभी करणार नाही."

राहीबाईने शाई फुंकून वाळवली. कागद चोळीत ठेवला आणि पिशवीतून दुसरा काढून मेजावर ठेवला.

"हे आणखी काय?"

"साक्षीदारांची यादी. शामकांत वकील म्हनले, सही झाल्याबिगर दावू नका. माझाच वकील माझा साक्षीदार कसा व्हनार? आता तुमी मोकळं झालात."

विष्णुपंतांनी यादी हातात घेतली. पहिलंच नाव त्यांचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि तेच नाव परत वाचलं.

"लई काय इचारनार न्हाईत," राहीबाई पदर सावरून उठली. "हुरडा कुठल्या रानातला हुता, येवढंच सांगा."