ओली काडी

काडी ओली होती. जेवणाचीच साधी लाकडी काडी, पाइनच्या बोन्सायच्या कुंडीत खुपसून ठेवलेली, टोकापासून दोन बोटं वर काळपट पडलेली – चिझुरुनं ती नाकाशी नेली, मग कुणी पाहत नाहीसं बघून जिभेच्या टोकाला लावली. थंड. बारा वाजत आलेले, सप्टेंबरचं ऊन फळ्यांवर तापलेलं, आणि पाणी घातलं होतं सकाळी सहाला. एव्हाना ही काडी मातीतून फिकी, कोरडी निघायला हवी होती. परवा ओली, काल ओली, आज ओली. म्हणजे तिच्यामागं कुणीतरी पुन्हा पाणी घालत होतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. घरात माणसं तीन, आणि त्यातला मोरिओ, तिचा नवरा, सातलाच ट्रक भरून झाडांच्या बाजाराला गेलेला.

तिनं कुंडीच्या कडेची माती नखानं उकरली. निरोगी पाइनच्या मुळांवर पांढरी बुरशी धरते, तिला रानातल्या अळंबीसारखा वास येतो. नवशिके लोक ती कीड समजून धुऊन काढतात आणि झाड घालवून बसतात. इथं बुरशी नव्हती. वास होता तो तुंबलेल्या मोरीचा. गेल्या वर्षीच्या सुया पिवळ्या पडल्या होत्या, त्याचं काही नाही, त्या या दिवसांत पडायच्याच. पण यंदाच्या सुयांवरचं तेज गेलं होतं, आणि शेंड्याजवळची एक जोडी तिनं नुसती चिमटीत धरली तर ती न ओढताच हातात आली... पाइन मेला तरी महिना-दोन महिने हिरवाच दिसतो. लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हेच पहिल्यांदा शिकवलं होतं. तेव्हा ती हसली होती.

हे झाड बाबांच्या आजोबांनी समुद्राकाठच्या खडकातून काढून आणलेलं. बागेत तीनशे कुंड्या, त्या विकायच्या; हे एक विकायचं नाही. आणि याला पाणी एकाच हातानं घालायचं, हा या घरचा रिवाज – दोन हात लागले की कुणी किती घातलं याचा हिशेब राहत नाही. तीन वर्षांपूर्वी बाबांचा हात कापायला लागला तेव्हा त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि तांब्याची लांब नळीची झारी दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढं धरली. पोटच्या मुलापुढं नाही, सुनेपुढं. त्या दिवसाचा अभिमान तिला अजून होता, का नसावा? आणि आता तोच माणूस चोरपावलांनी येऊन...

कुंडीच्या एका कडेखाली लाकडाची पाचर सारलेली होती, कुंडी कलती राहून पाणी लवकर निथळावं म्हणून. चांगलं केलं होतं. मोरिओनंच केलं असणार. बोलत नाही, पण कळतं त्याला.

आणि झारी. सकाळी तिनं झारीच्या दांड्यावर पाइनची एक सुई आडवी ठेवली होती, मुद्दाम. ती आता खाली जमिनीवर पडली होती. वारा नव्हता. झालं, पुरावा मिळाला.

मिळाला तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. समुद्राकडच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली होती, सोमवारपासून मिळणार होती, आणि आज संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. मोरिओ आठवडाभर म्हणत होता, "बाबांनी एप्रिलमधे गॅस चालू ठेवला ते ठीक, एकदा होतं. पण झाडालाही बाबाच पाणी घालत असतील, तर मात्र घरी ठेवणं धोक्याचं. तू नीट बघ आणि मला सांग." रात्रीच्या जेवणाला ती सांगणार होती. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं – अहो, बाबाच आहेत. एवढंच. त्यापुढं काही बोलायचं नाही.

बाबा ओसरीवर बसले होते, पायाशी सुयांचा कचरा, हातात चिमटा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे किसाकु, सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणे. गुडघ्याशेजारी फळीच्या कडेला हौदातले तीन काळे खडे ओळीनं मांडलेले. काल पाच होते. लहान मूल झालंय नुसतं, तिच्या मनात आलं.

"बाबा, पाइनला हात लावलात का हो?"

"तुझ्या पाइनला? माझी काय बिशाद, सूनबाई."

"माती ओली आहे."

"असणारच," ते म्हणाले, आणि तिच्या हाताकडे बघत राहिले. नको इतका वेळ.

ती स्वयंपाकघरात गेली. उदोनच्या जाड शेवयांसाठी पाणी ठेवायचं होतं, तर शेगडीवर पातेलं आधीच खळखळत होतं. अर्धं आटलेलं. बघा! म्हणजे ओसरीवरून उठून, इथं येऊन, गॅस पेटवून, परत जाऊन बसले आणि विसरले. एप्रिलमधेही असंच पातेलं – त्या वेळी तळ जळाला होता, तिनंच पाहिलं, तिनंच मोरिओला फोन केला... बाबा तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. ओशाळले असतील. उदोन तिनं आटलेल्या पाण्यात आणखी पाणी घालून उकडले, वर कांद्याची पात टाकली. डावी बाही मनगटाशी ओली झाली होती, ती तिनं दुमडली.

दोघं समोरासमोर बसून जेवली. बाबा भुरके मारत खात होते, त्यांची भूक अजून तरुण होती. सोमवारपासून तिकडं यांना कसले उदोन मिळणार, मऊ भात आणि उकडलेला भोपळा. बोलून टाकावं. निदान त्यांना आधी कळू दे. पण तोंडातून निघालं भलतंच.

"हे खडे कसले मांडलेत?"

"तुझ्या पाण्याचे."

"म्हणजे?"

त्यांनी वाडगा खाली ठेवला. बोटानं एकेक खडा दाखवू लागले, पूर्वी रोपांची जात दाखवायचे त्याच आवाजात. "हा सहाचा. हा साडेआठचा. तेव्हा तू काहीतरी गुणगुणत होतीस. हा अकराचा. काल तर पाच वेळा."

"काहीतरीच काय बोलता!"

"सुई ठेवतेस ना झारीवर? साडेआठला तूच ती झटकलीस. कचरा समजून."

ती हसली. खरंच हसली. मग म्हणाली, "परवा तुम्ही मला सासूबाईंच्या नावानं हाक मारलीत."

"मारली. चुकतो मी. रोज चुकतो." त्यांनी दाढी खाजवली. "म्हणून तर खडे ठेवतो. डोक्यावर माझा भरवसा नाही, खड्यांवर आहे. कुंडीखाली पाचरही मीच सारली. झाडाला हात नाही लावला हं, कुंडीला लावला."

"मोरिओला बोललात?"

"कशाला? माझं वय झालंय, माझ्या नावावर सगळं खपतं. एप्रिलमधलं ते पातेलंही खपलं." त्यांनी मधला खडा ओळीत सरळ केला. "माझी खोली ठरतेय, ठाऊक आहे मला. भिंतीला कान नसले तरी मला आहेत. जाईन मी. पाचर सारायला येत जाईन म्हटलं, तर तिथून बस दिवसाला दोनच."

चिझुरुनं वाडगे उचलले. विसळले. पुसले. हे सगळं खोटं होतं. खडे काय, कुणीही मांडावेत, विसरणारा माणूस तर दिवसाला दहा मांडेल. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं ऐकून मी – मी, जिच्या हातात त्यांनीच झारी दिली – सहाला पाणी घातलं, हे मला लख्ख आठवतं: नळीतून पडणारी बारीक धार, मातीचा रंग बदलला, कुंडीच्या भोकातून पाणी आलं तेव्हा मी थांबले. साडेआठला मी... साडेआठला धुणं. धुणं वाळत घालत होते. की ते काल? अकराला बाजारातून कुणाचा तरी फोन, नाही, फोन नाही. अकराच्या जागी काहीच नव्हतं. भीतीही नव्हती तिथं, नुसतं स्वच्छ, झाडून काढल्यासारखं. तिनं दुमडलेली बाही उलगडली आणि चाचपली. विसळताना भिजली असेल. पण भिजली होती ती विसळायच्या आधीच.

चार वाजता फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. ती अंगणात गेली. मोरिओ खाली उतरला, टोपी काढून घाम पुसला, आणि ओसरीकडे बघायचं टाळत हलक्या आवाजात म्हणाला, "झालं एकदाचं. सोमवारी खोली देतायत."

"कुणाला विचारून?"

"म्हणजे काय? सकाळी दारात तूच नाही का सांगितलंस? बाबाच आहेत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून. बाजारातून तसाच फोन केला मी." त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "रडू नको आता. मलाही बरं वाटत नाहीये. पण तू पाहिलंस म्हणजे पाहिलंस."

सकाळी दारात तिनं त्याला डबा दिला होता. डबा दिला, सांभाळून जा म्हणाली... त्याच्या पुढं ते अकरासारखंच, लख्ख रिकामं. आणि वाक्य मात्र तिचंच होतं, रात्रीसाठी जुळवून ठेवलेलं, शब्द न् शब्द. त्याला "डोळ्यांनी" कधी जोडलं तिनं?

मोरिओ ट्रकमधून रिकामे ट्रे उतरवू लागला. ओसरीवर बाबा मान खाली घालून सुया गोळा करत होते. आता सांगायला हवं, याच घटकेला, एक क्षणही न दवडता. बाबा नव्हेत, मी आहे ती. सोमवारी तिकडं गेलेच, तर ओळीत खडा ठेवणारं इथं कुणी राहणार नाही, आणि मी पाणी घालत राहीन, घालत राहीन, आणि झाड तोवर हिरवंच दिसेल.

म्हणाले मी. अहो, बाबा नव्हेत, मी आहे ती. नीट म्हणाले, सावकाश. मोरिओनं मान वर केली नाही. एकावर एक ट्रे रचत होता. ऐकलं नसेल... की मी म्हणालेच नाही? की म्हणाले, आणि त्यानं उत्तर दिलं, आणि ते उत्तरही त्या अकराच्या जागेत जाऊन पडलं?

चिझुरुनं ओसरीकडे पाहिलं. बाबांचा कापरा हात खिशात गेला होता. तो हात खडा घेऊन बाहेर येतो की रिकामाच, याची ती वाट बघत राहिली.