अंगी न लागणारं गोड

शिवगंगेने जन्मभर माणसांना जेवू घातलं ते त्यांच्या अंगी लागावं म्हणून. पोर तापातून उठलं की भातावर तुपाची धार, पाहुणा वाळलेला दिसला की नको नको म्हणताना ताटात आणखी एक पोळी. आणि आता साठीला टेकल्यावर एक पोरसवदा डॉक्टरीणबाई तिला समजावत होती, "आजी, आजोबांचं पोट भरलं पाहिजे, पण अंगी लागता कामा नये." शिवगंगेला त्या पोरीची कीवच आली. हिला कधी कुणी मायेनं जेवू घातलेलं दिसत नाही, असं तिला वाटलं.

लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या धूळ उडवू लागल्या. पाणी तेवढं आलं नव्हतं. पावसाने लागोपाठ दुसऱ्या साली तोंड फिरवलं होतं. गल्लीत टँकर यायचा आणि त्याचं गढूळ पाणी तुरटी टाकून निवळेपर्यंत बायका घागरीजवळ बसून राहायच्या. अशा दिवसांत शिवगंगेच्या नवऱ्याच्या, गुरुपादप्पांच्या, पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली. जखम एवढीशी, पण काही केल्या भरेना. रक्त तपासलं तर शुगर निघाली.

"वजन उतरवा, गोड सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "महिन्याभरात जखम सुकली नाही तर अंगठा काढावा लागेल."

अप्पा हसले. सगळी गल्ली त्यांना अप्पाच म्हणायची. हसले, पण घरी येताना रिक्षात त्यांनी तो पाय दुसऱ्या पायाखाली दडवून धरला होता, हे शिवगंगेने पाहिलं.

अप्पांना दारू नव्हती, तंबाखू नव्हती, पत्ते नव्हते. एक गोड होतं. सोमवारची हुग्गी म्हणजे कांडून कोंडा काढलेल्या गव्हाची गुळातली खीर; ती त्यांच्या घरात बिनचूक शिजायची. ती बंद झाल्यावर अप्पा घरात शहाण्यासारखे वागू लागले. भाकरी, वरण, भाजी, मुकाट जेवून उठायचे. शिवगंगेला वाटलं, सुटले. मग एका दुपारी शेजारची रजिया भिंतीपलीकडून म्हणाली, "काकी, बोलू का नको? गुस्सा नका करू."

"बोल की."

"अप्पा रोज गोलाईच्या बाजारात हॉटेलात बसतेत. बालूशाही खाऊन राहिलेत. आमच्या यांनी आज डोळ्यानं बघितलं."

रजियाच्या नवऱ्याची, मकबूलची, लाह्या-चुरमुऱ्यांची भट्टी होती. तो खोटं सांगणारा नव्हता. संध्याकाळी अप्पा आले, मिशीला साखरेचा कण होता. तिने तो पदराने पुसला. भांडून काय होणार होतं? आज या हॉटेलात भांडून बंद केलं तर उद्या दुसऱ्या हॉटेलात जातील. माणसाला घरी ओढून आणायचं तर घरात काहीतरी असावं लागतं. आणि ते असं, की जे खाऊन जीव भरेल पण अंगी लागणार नाही. डॉक्टरीणबाईचं ते उलटं बोलणं आता तिच्याच मानगुटीवर बसलं.

मुलाला, वीरण्णाला, हैदराबादेत नोकरी होती. त्याला कळवल्यावर त्याने कुणाबरोबर तरी एक रंगीत खोकं धाडलं. आत मक्याचे पिवळे पापुद्रे. साहेब लोक सकाळी हेच खातात, असा निरोप होता. कसे खातात ते मात्र निरोप आणणाऱ्याला ठाऊक नव्हतं. शिवगंगेला ते पोह्यांचे भाऊबंद वाटले. तिने ते चाळणीत भिजवले, मोहरी-हळदीची फोडणी घातली, वरून कोथिंबीर. कढईत पिवळी पेज झाली. अप्पांनी ती खाल्ली, ताट धुऊन ते पाणीही प्यायले आणि उठले.

इथेच शिवगंगेची खरी अडचण होती. अप्पा लिंगायतांतले जुन्या वळणाचे. आंघोळ, विभूती, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा आणि त्यानंतरच जेवण. लिंगाला दाखवलं की अन्न हे अन्न राहत नाही, प्रसाद होतं. प्रसाद टाकायचा नाही, ताट धुऊन प्यायचं, आणि त्याला नावं ठेवायची नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात आमटी खारट झाली, भाकरी करपली, एकदा तर घाईत चहाच्या भुकटीऐवजी काळा मसाला उकळला. अप्पांच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही. बाकीच्या बायका तिचा हेवा करायच्या. तिलाही आजवर यात सुखच वाटलं होतं. आता तोच गुण तिच्या जिवावर उठला. आवडलं की नाही हे कळलं तर पुढे काही करता येईल ना!

स्वतः चाखावं, तर नैवेद्याआधी चाखणं नियमात बसत नव्हतं. नंतर चाखलं तरी तिच्या जिभेला गोडातलं काही कळत नसे. ती ठेच्यातली बाई.

तरी ती हटली नाही. मक्याचे पापुद्रे साय काढलेल्या दुधात घालून झाले. रजियाकडून ज्वारीच्या ताज्या लाह्या आणून त्यांची खीर केली, त्यात एखादा खजूर कुस्करला. पातळ पोहे ताकात कालवून वर वेलची घातली. राजगिऱ्याच्या वड्या जवळजवळ बिनगुळाच्या केल्या. त्या हातातच भुसभुशीत झाल्या, पण अप्पांनी त्या चमच्याने खाल्ल्या. रोज ती विचारायची, "कसं झालंय?" आणि रोज तेच उत्तर, "प्रसाद हाय." मग दुपारी अप्पा चप्पल घालून हळूहळू लंगडत गोलाईकडे निघायचे. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहायची.

महिना सरत आला. जखमेच्या कडा काळपट दिसू लागल्या. पट्टी सोडताना आपला चेहरा त्यांना दिसू नये म्हणून शिवगंगा कापसाशी उगीच खटपट करत बसायची.

त्या गुरुवारी तिने लाह्यांची खीर पुन्हा केली. डॉक्टरीणबाईने नावापुरती साखर चालेल म्हटलं होतं, म्हणून वरून चिमूटभर खडीसाखरेची पूड भुरभुरली. अप्पा जेवले. नेहमीपेक्षा सावकाश जेवले, एवढंच. वाटी धुतली, पाणी प्यायले, आणखी तांब्याभर पाणी मागितलं. त्या दुष्काळात तांब्याभर म्हणजे चैनच. ते बाहेर गेल्यावर तिने उरलेल्या खिरीचा घास तोंडात घातला, आणि तिची जीभ, गाल, दात सगळं एकमेकांना चिकटलं. कच्चं जांभूळ चावल्यासारखं तोंड झालं. तिने फडताळात पाहिलं. खडीसाखरेचा डबा जागच्या जागी, भरलेला. पूड घेतली होती ती शेजारच्या डब्यातली. पाणी निवळायची तुरटी!

ती धावतच बाहेर आली. अप्पा चप्पल घालत होते.

"अहो! तुरटी खाल्लीत तुम्ही!"

"हं," अप्पा म्हणाले. बोलताना त्यांचे ओठ सुटत नव्हते. "वाटलंच मला."

"वाटलं तर बोलायचं न्हाई?"

"ताटात पडलं ते प्रसाद. प्रसादाला नावं ठेवायची असतेत का?"

आणि मग शिवगंगा, जी चाळीस वर्षांत या माणसावर आवाज चढवून बोलली नव्हती, दारातच कडाडली. "मंग मला कळावं कसं? मी इथं चुलीम्होरं बसून मरू लागले, ह्ये करून बघू का त्ये करून बघू. तुमी तुरटी खाता अन् गोडबी खाता, दोन्ही सारखंच! मला काय देव येऊन सांगनार हाय का तुमाला काय आवडतंय? मला तुमचा अंगठा पायजे. तुमचं पुन्य घेऊन मी काय करू?"

पलीकडच्या भिंतीवर रजियाचं डोकं वर आलं आणि लगेच खाली गेलं. अप्पा एक चप्पल पायात, एक हातात घेऊन उभे. ते गोलाईकडे गेले नाहीत. खाटेवर बसून राहिले.

पुढचे तीन दिवस असेच गेले. शिवगंगेला आपल्या बोलण्याची लाज वाटत होती, आणि बोललो ते खरं होतं म्हणून माफीही मागवत नव्हती. वरण-भाकरी व्हायची. गोडाचं भांडं तिने पालथं घालून ठेवलं होतं.

सोमवारी मात्र तिला राहवलं नाही. पहाटे उठून तिने चूल पेटवली, लाह्या दुधात शिजत घातल्या. अप्पांची आंघोळ झाली होती. अर्ध्या बादलीत जमते तेवढी. कपाळाला विभूतीचे ओले पट्टे होते. आता ते पूजेला बसतील म्हणून तिने पाट मांडला. पण ते पाटाकडे गेलेच नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, मग आत आले, चुलीजवळ उकिडवे बसले. दुखरा पाय सरळ केला आणि उजवा हात पुढे केला.

"दे."

"काय?"

"खीर. थोडी. तळहातावर दे."

"अहो, पूजा न्हाई झाली अजून!"

"म्हनूनच म्हनतो. अजून प्रसाद झाला न्हाई त्यो. नुसतं खानं हाय. नुसत्या खान्याला बोलता येतंय."

पूजेआधी पाण्याचा घोट न घेणारा हा माणूस. तापात फणफणलेला असतानाही आधी लिंग तळहातावर घेणारा. ती नको म्हणाली, दोनदा म्हणाली. अप्पांचा हात तसाच पुढे. शेवटी तिने पळीभर खीर त्यांच्या तळहातावर घातली. त्यांनी डोळे मिटले, जिभेवर घेतली आणि चघळली.

"बेचव," ते म्हणाले.

शिवगंगेने पळी खाली ठेवली.

"लई बेचव. चिखल लागतो चिखल. दात हायती अजून मला, ह्ये बिनदाताच्या लेकराचं खानं हाय." एकदा बांध फुटल्यावर अप्पांना थांबता येईना. "त्ये राजगिऱ्याचं तर विचारूच नको. अन् त्या मक्याला तू फोडनी दिलीस, तवा मी मनात रडलो. अन् तुझी शेपूची भाजी..."

"शेपूचं काय?"

"चाळीस साल खाऊन राहिलो. न्हाई आवडत."

शिवगंगेने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलू लागले. अप्पा घाबरले. "अगं, रडू नको, तूच म्हनलीस..." पण ती रडत नव्हती. हसत होती, हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला नावं ठेवली होती. तिला एवढा जवळचा तो कधीच वाटला नव्हता.

"अजून सांगा," ती म्हणाली. "गोड कमी पडलं का?"

अप्पांनी तळहात चाटला, विचार केला. "गोडाचं न्हाई गं. वास न्हाई ह्याला. हुग्गीचा गहू तू भाजतीस तवा घरभर वास सुटतो. मी त्या वासाचा भुकेला हाय. त्या हॉटेलातबी न्हाई त्यो. उगी बसून खातो झालं."

मग काय विचारता! शिवगंगेने पातेलं उतरवलं आणि तवा चढवला. लाह्या कोरड्याच खमंग भाजल्या, पाट्यावर रवाळ वाटल्या, पुन्हा थोड्या भाजल्या. चिमूटभर खसखस, सुंठ, जायफळ किसून. साय काढलेलं दूध, आणि गुळाऐवजी कुस्करलेला तो एक खजूर. वरून दातांखाली यावेत म्हणून वीरण्णाच्या खोक्यातले मक्याचे पापुद्रे, न भिजवता. रजिया भिंतीवरून ओरडली, "काकी, आज हुग्गी केली का? वास येऊन राहिला!"

अंगठा राहिला की गेला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, उगीच जीव टांगणीला नको. राहिला. डॉक्टरीणबाईने आणखी थोडे दिवस वाट पाहिली, औषधं बदलली, आणि जखम हळूहळू सुकली. औषधाने सुकली की हॉटेल सुटल्याने, याचा निवाडा कुणी केला नाही. वजनही उतरलं, सदरे ढगळ झाले आणि नवरा असा अंगाने कमी होताना पाहून शिवगंगेला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

पण ते पुढचं. त्या सोमवारी अप्पांनी दुसऱ्यांदा तळहात पुढे केला. घास तोंडात गेला, पापुद्रे कुरकुरले. ते बराच वेळ चघळत राहिले. शिवगंगा पळी हातात धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"सुंठ जरा जास्त झालीया," ते म्हणाले. मग उठता उठता, तिच्याकडे न बघता, "आज दुपारी कुठं जायचं न्हाई मला. थोडी ठेव."

ते पाटावर जाऊन बसले. शिवगंगेने खिरीची वाटी नैवेद्याला ठेवली आणि ती दाराआड उभी राहिली. रोज पाठ असलेली पूजा आज पुढे सरकत नव्हती. अप्पा तळहातावरच्या लिंगाकडे मान खाली घालून बघत बसले होते, मास्तरांपुढे उभ्या केलेल्या पोरासारखे. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले. त्यांना वाटलं कुणी ऐकत नाही.

"चुकलो देवा," अप्पा हळूच म्हणत होते, "पन उद्याबी चाखनार हाय."