सॅक घरीच आहे

मी बोलतेय, दाराजवळच्या चपलांच्या कपाटावरून. राखाडी रंगाची, पंचेचाळीस लिटरची, कमरेला जाड पट्टा असलेली सॅक. छातीवरच्या बकलला माझ्या एक शिट्टीसुद्धा आहे, डोंगरात वाट चुकली तर वाजवायला. ती आजवर कुणी वाजवलेली नाही. वाट चुकायला आधी वाटेला लागावं लागतं ना.

व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात मला शिवलं. शिवणाऱ्या बाईनं दुहेरी टाके घातले, दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि मगच मला सोडलं. पुढे अबू धाबीतल्या एका मॉलमध्ये मी लटकत होते. शेजारच्या सॅका भराभर जात होत्या, कुणी ओमानच्या डोंगरांत, कुणी नेपाळला. मला प्रज्ञानं उचललं. मला पाठीला लावून ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "यतीन, मला एकदा कुठेतरी एकटीनं जायचंय. दोन दिवस, बस."

यतीन म्हणाला, "जा की. तुला कोण अडवतंय?"

खरंच, अडवत कुणीच नव्हतं. तरी तीन वर्षं गेली.

प्रज्ञा अबू धाबीतच, अल रीम आयलंडवर, सत्ताविसाव्या मजल्यावर राहते आणि दातांच्या एका क्लिनिकमध्ये काम करते. वय सेहेचाळीस. माहेरून सासरी, सासरहून इथे. एका खोलीत एकटी अशी ती एक रात्रही झोपलेली नाही. हॉटेलात वेटर समोर आला की म्हणते, "तुम्ही घ्याल तेच." एकदा तिच्या मुलीनं, पर्णिकानं, वैतागून विचारलं, "बट मम्मा, व्हॉट डू यू वॉन्ट?" तर हिला सांगताच येईना. तेवढं शोधायला तिला ते दोन दिवस हवे होते.

आणि मला तिच्या पाठीवर बसून जायचं होतं. पण माझ्यातून गेलं काय? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन. इंडियाला जाताना खजूर, दूध पावडर, बामच्या बाटल्या आणि चुलत सासऱ्यांचं बीपी मोजायचं मशीन. दर वेळी मला सामान तोलायच्या हातकाट्याला टांगायचे आणि सगळं घर आकडा वाचायला वाकायचं. डोंगर मी फक्त माझ्या लेबलवर पाहिला.

गेल्या नोव्हेंबरात मात्र जमलं. तिनं फुजैराला समुद्रासमोर खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरातल्या कोरड्या ओढ्यातून एकटीनंच चालायचं ठरवलं. चालायचे बूट माझ्यात गेले, टोपी गेली, एक कोरी वही गेली. मला तर भरूनच आलं.

आणि मग ह्या बाईनं मंडळाच्या लेडीज ग्रुपवर विचारलं, "दुबईला बदलून पुढे फुजैराची बस किती वाजता असते गं?"

अगं, कशाला? फोन हातात होता ना, त्यातच शोधायचं. पाच मिनिटांत एकोणिसाव्या मजल्यावरच्या विद्युल्लताताई दारात हजर. "प्रज्ञा, फुजैराला आपले अंबादास आणि शिवानी असतात. फराळ पोचवायचा राहिलाय बघ. एवढासा डबा आहे."

एवढासा डबा चार किलोचा होता. त्याच्या मागोमाग आणखी दोन घरांतून चिवडा आणि अनारसे आले. चकल्या मोडू नयेत म्हणून शेवटी माझ्यातून बूट काढले. पर्णिका सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, जस्ट से नो." प्रज्ञा म्हणाली, "अगं, बरं दिसतं का ते?"

तिला वाटलं, बस स्टॉपवर डबे द्यायचे आणि सुटायचं. अंबादास गाडी घेऊन उभेच होते. मला त्यांनी सरळ डिकीत टाकलं.

"हॉटेल? वहिनी, आम्ही इथे असताना तुम्ही हॉटेलात राहणार?"

"अहो, नको, खरंच नको," प्रज्ञा म्हणाली.

आता आपल्याकडे पहिला नको म्हणजे वळण, दुसरा म्हणजे संकोच. तिसऱ्या नकोला पान वाढलेलं असतं. तिचा चौथा नको होईपर्यंत अंबादासनी तिच्याच फोनवरून हॉटेलवाल्याला सांगून टाकलं होतं. "यल्ला, खलास. कॅन्सल झालं बघा."

माणसं वाईट असती तर मला भांडता तरी आलं असतं. शिवानीनं पुरणपोळ्या केल्या होत्या, स्वतःची खोली मोकळी करून दिली आणि "एकटीला करमणार नाही" म्हणून रात्री प्रज्ञाच्या शेजारी गादी टाकून झोपली. दुसऱ्या दिवशी त्या ओढ्यात आम्ही अकरा जण होतो, बिर्याणीचं पातेलं आणि स्पीकरसकट. प्रज्ञा चपला घालून एका दगडावर बसली होती. वही तिनं काढलीच नाही. मी तर जळफळत होते नुसती.

परतताना मी हलकी असेन म्हणता? छे. डबे रिकामे कसे पाठवायचे? शिवानीनं ते एकूण एक भरून दिले.

घरी यतीननं विचारलं, "काय मग, झाली का सोलो ट्रिप?"

प्रज्ञानं मला जमिनीवर ठेवलं आणि तिथेच खाली बसली. "माझा नको कुणाला ऐकूच येत नाही रे. मलासुद्धा नीट ऐकू येत नाही."

"अगं, चांगली माणसं आहेत ती."

"चांगलीच आहेत. म्हणून तर मी काही बोलू शकले नाही." आणि ती रडली. मी तीन वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं.

काल, फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी, तिनं बूट घातले. मी ताठ झाले. पण तिनं दोन कपडे भाजीच्या कापडी पिशवीत कोंबले.

"सॅक नाही घेत?" यतीननं विचारलं.

"सॅक दिसली की लिफ्टमध्ये विचारतात, कुठे निघालीस? मग मी सांगते."

आणि गेली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. चिडू नको तर काय करू? एकटीनं जायचं म्हणजे मलाही मागे ठेवून, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

दुपारी विद्युल्लताताई डबा घेऊन आल्या. "प्रज्ञा कुठेय?"

"बाहेर गेलीय," एवढंच यतीन म्हणाला. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. नजर माझ्यावर थांबली.

"सॅक तर घरीच आहे. म्हणजे असेल खालीच कुठेतरी," असं म्हणून त्या समाधानानं परत गेल्या.

प्रवासासाठी शिवलेली मी, आणि तिच्या प्रवासाला माझा उपयोग झाला तो असा. राग गेलेला नाही माझा. पण आज रात्री ती परत येईपर्यंत मी इथून हलणार नाही. ती रास अल खैमाच्या डोंगरात आहे, हे मी फक्त तुम्हाला सांगितलंय. कृपा करा, ग्रुपवर टाकू नका.