शब्देश्वराला कळलेली मराठी

निफाडबाहेर द्राक्षबागांच्या मधोमध उभारलेल्या पत्र्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. येवल्याहून, सातपूरहून, थेट मालेगावाहून माणसं आली होती. समोर चौथऱ्यावर शब्देश्वराचा पितळी मुखवटा आणि दोन्ही बाजूंना समया. कोणी "देवा, उजेड दे" म्हणावं, की समयांच्या ज्योती उजळत. दुसऱ्या कोणी नुसतं "काही दिसेना" म्हटलं, तरी उजळत. "लय उकडतंय" म्हणणाऱ्याच्या अंगावर गार वाऱ्याची झुळूक येई. गर्दीतून हात जोडले जात.

"देवाला भाषा लागत नाही, भाव लागतो," कोंडाजी महाराज माइकवरून सांगत होते. "तुम्ही अहिराणीत रडा नाहीतर कोकणीत हसा. विज्ञानवाले चंद्रावर गेले, पण मनातलं ओळखणारं यंत्र त्यांना जमलं का?"

हर्षालीचं लक्ष महाराजांकडे नव्हतं. ती शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचा, योगेशचा, श्वास ऐकत होती. तो खोल आणि भराभर चालला होता. योगेशला लहानपणापासून मधुमेह. इन्शुलिनच्या इंजेक्शनावरच त्याचं सगळं चालायचं. काल शब्देश्वराने मुखवट्यातून त्याला सांगितलं होतं, "बाळा, तुझा आजार मी घेतला. औषध सोड." तेव्हापासून त्याने इंजेक्शन घेतलं नव्हतं. आज दुपारी त्याला उलटी झाली. आता तो पाण्याच्या बाटलीमागून बाटली संपवत होता आणि त्याच्या तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरांनी फोनवर ताबडतोब घेऊन या म्हणून बजावलं होतं. योगेश मात्र आरती झाल्याशिवाय उठायला तयार नव्हता. तिने विनवण्या केल्या, दंड धरून ओढून पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला उचलून कसं नेणार?

"हे सगळं वायरिंग आहे रे," ती म्हणाली. "वायरिंगचं मला शिकवू नकोस, ताई," तो पुटपुटला. "सातपूरला कंपनीत पॅनेल मीच जोडतो. दिवे विजेचे असतील, पंखाही असेल. पण आपण बोललेलं त्याला कळतं कसं, ते सांग."

ती निफाडच्या शाळेत मराठी शिकवायची. यंत्रांशी तिचा संबंध मोबाइलपुरता. तिने मंडपाबाहेर जाऊन शाळेतल्या संगणकाच्या शिक्षकांना, फैजान सरांना, फोन लावला. त्यांनी घाईघाईत समजावलं. असा प्रोग्राम आवाजाची अक्षरं करतो, त्यातले ओळखीचे शब्द हेरतो आणि नेमून दिलेल्या चार कामांपैकी जवळचं वाटेल ते करून टाकतो. स्वस्तातला असेल तर वाक्याचा अर्थही बघत नाही.

"समजत काही नाही, मॅडम. अंदाज लावतं," ते म्हणाले.

ती परतली तेव्हा धोंडाबाई नावाची म्हातारी मुखवट्यापुढे उभी होती. "पोरगी गेल्यापास्नं घरात अंधार झालाय, देवा," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. सगळ्या समया लखकन उजळल्या. मंडपात जयजयकार झाला.

हर्षाली जागच्या जागी थबकली. म्हातारीने दिवा मागितलाच नव्हता. अंधार कोणता, हे नववीतलं पोरही ओळखेल. इथे फक्त एक शब्द ऐकला गेला होता.

पुढच्या माणसांची माफी मागत ती रांग मोडून मुखवट्यासमोर गेली.

"माझ्या घरात अजिबात अंधार नाही," ती स्वच्छ आवाजात म्हणाली.

समया उजळल्या.

मागे कोणीतरी हसलं. देव लेकराच्या मनातलं ओळखतो, असं काहीबाही महाराज बोलू लागले. ती थांबली नाही. तिने वळून योगेशकडे पाहिलं आणि पुन्हा मुखवट्याकडे तोंड केलं.

"माझी स्कूटी आजारी आहे. तिचं औषध चालू आहे."

मुखवट्यातून मायाळू आवाज आला, "बाळा, तुझा आजार मी घेतला. औषध सोड."

तोच सूर. "औषध" शब्दाआधीचा तोच छोटासा विराम. योगेश मंडपाच्या खांबाला धरून उठला. झोकांड्या देत तो चौथऱ्यामागे गेला आणि त्याने भगवं कापड ओढून काढलं. महाराजांचे शिष्य धावले, पण पुढच्या रांगेतली माणसं आडवी उभी राहिली. कापडामागे एक डबा होता. त्यातून मुखवट्याच्या मुकुटातल्या बारक्या माइकला, समयांना, पंख्याला आणि स्पीकरला वायरी गेल्या होत्या. योगेशने प्लग उपटला. मग कोणी किती हाका मारल्या, तरी देव बोलेना. कोंडाजी महाराज मागच्या मागे गाडीकडे निघाले होते. लोकांनी त्यांना वाटेत अडवलं आणि पोलिसांना फोन केला.

धोंडाबाईने हर्षालीचा पदर धरला. "म्हंजी माझं गाऱ्हाणं कुणीच ऐकलं नाय?"

हर्षालीचा जीव भावाकडे लागला होता. तरी तिने म्हातारीचा हात हातात घेतला. "मी ऐकलं, आजी. या सगळ्यांनी ऐकलं."

नाशिकच्या दवाखान्यात योगेशला सलाईन आणि इन्शुलिन सुरू झालं. आणखी उशीर केला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी शुद्ध नीट आल्यावर त्याने स्वतःच इंजेक्शनची वेळ विचारली.

भेटायला आलेल्या फैजान सरांनी सांगितलं की त्यांच्या अंध मामूंच्या घरीही असंच यंत्र आहे. मामू म्हणतात तेव्हा ते पंखा लावतं, फोन जोडून देतं. त्यांचं केवढं काम हलकं झालंय. पण मामूंनी त्याला कधी नवस बोलला नाही.

यंत्र माणसाने केलेलं आहे आणि चांगल्या कामाला लावलं तर ते चांगलंच आहे. त्याला मुकुट घालून कोणी पुढे आणलं, तर मात्र भारावून जाण्याआधी त्याच्याशी एकदा उलटं बोलून पाहा. ज्याला "आहे" आणि "नाही" यांतला फरक कळत नाही, त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका.