प्रॉम्प्टरच्या घरची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, नाटकाची. तारे, जहाजं, डोंगर असलं मोठं काही माझ्या नशिबी आलं नाही. मला फार लांबचं दिसत नाही आणि अगदी जवळचं तर मुळीच नाही. मधलं मात्र छान दिसतं. पन्नास पावलांवरच्या नटाची मिशी खरी की चिकटवलेली, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

एका चिडक्या कारागिराने माझी भिंगं घासली. तो एकेक भिंग उजेडासमोर धरायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. तिथून मी एका नाटक कंपनीत लागले. बाल्कनीतल्या प्रेक्षकांना मला वापरायला देत. किती हात लागले मला, किती रडके डोळे टेकले! खेळ संपला की बुकिंगवाला मला मऊ फडक्याने पुसायचा. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका. पुढे कंपनी बंद पडली आणि सामानाची वाटणी झाली. पोशाख एकाने नेले, पडदे दुसऱ्याने. प्रॉम्प्टरकाकांच्या वाट्याला मी आले.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत लपून नटांना विसरलेली वाक्यं हळूच सांगणारा माणूस. काकांनी हे काम एकतीस वर्षं केलं. काकू कितीदा तरी नाटकाला जाऊन बसल्या, पण नवऱ्याला काम करताना त्यांनी कधीच पाहिलं नाही. "चांगला प्रॉम्प्टर प्रेक्षकांना ना दिसतो, ना ऐकू येतो," असं काका अभिमानाने सांगत.

घरी काकू मला घेऊन पाण्याच्या टाकीवरचे पक्षी बघायच्या. समोरच्या इमारतीत कोण कोणाकडे आलं हेही आम्ही दोघींनी बघितलंय, पण ते आपल्यातच राहू द्या.

मग काकूंची नजर जाऊ लागली. कडांनी अंधार होत गेला, मधलं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी होते ते उपाय केले आणि शेवटी सांगितलं, "फार तर तीन-चार महिने दिसेल." तिसऱ्या दिवशी काका रेल्वेची तिकिटं काढूनच घरी आले.

"मोठ्या शहरात जाऊन येऊ. सकाळी संग्रहालय, संध्याकाळी नाटक. एकदा डोळे भरून बघून घे."

संग्रहालय दहाला उघडलं. काकांनी नकाशात अकरा दालनांवर खुणा करून ठेवल्या होत्या. "हे बघ. आता ते बघ. वर छतावर बघ, दुर्बीण लाव." सहाव्या दालनात काकू एका लहानशा चित्रासमोर बाकावर बसल्या. चित्रात एक बाई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. काकू तिच्याकडे बघत राहिल्या आणि काका घड्याळाकडे.

"अगं, चल ना. अजून सिंहासन राहिलंय."

"राहू दे. मी इथेच बसते जरा."

"पुन्हा यायला मिळणार आहे का?" काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझे डोळे म्हणजे काय पोतं आहे? ठासून भरायचं आणि तोंड शिवून टाकायचं?"

दालनाचा रखवालदार उगाचच दुसरीकडे बघू लागला. काका काकूंच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने काकूच उठल्या आणि "चला, दाखवा तुमचं सिंहासन," म्हणाल्या.

संध्याकाळी तिकीटखिडकीवर दोनच जागा उरल्या होत्या, त्याही वेगवेगळ्या. एक खाली पहिल्या रांगेत आणि एक बाल्कनीच्या टोकाला. काका म्हणाले, "तू पुढे बस." काकू ऐकेनात. "तुम्हाला ऐकू कमी येतं, तुम्हीच पुढे बसा. माझ्याकडे दुर्बीण आहे." नाटक काकांच्याच जुन्या कंपनीचं होतं, आता नवे कलाकार ते नव्या नेपथ्यात करत होते.

पडदा वर गेला. काकूंनी मला रंगमंचाकडे धरलं आणि महालाचा एक खांब दिसतो न दिसतो तोच मी खाली वळले. मला वाटलं, त्यांचा हात घसरला. पण नाही. बाल्कनीचं ते टोक वळून रंगमंचाजवळ आलं होतं, तिथून पहिल्या रांगेतले चेहरे समोरून दिसत. काकू काकांना बघत होत्या.

काकांचे ओठ हलत होते. राजाचं वाक्य, राणीचं वाक्य, पहारेकऱ्याचं वाक्य, एकही सुटत नव्हतं. राजा रागावला की काकांच्या भुवया चढत आणि राणी रडली की त्यांची हनुवटी थरथरे. चाळीस वर्षांच्या संसारात काकू हे पहिल्यांदाच बघत होत्या. माझी भिंगं ओली झाली. त्या पुसायच्या आणि पुन्हा डोळ्यांना लावायच्या.

तिसऱ्या अंकात राजाला मुलाच्या मृत्यूची बातमी कळते. नवा राजा ती ऐकून गप्प उभा राहिला. जुन्या खेळात इथे थांबायचं नव्हतं. नव्या दिग्दर्शकाने ती शांतता मुद्दाम ठेवली होती. काकांना वाटलं, नट अडला. एकतीस वर्षांची सवय ती! त्यांनी वाक्य पुरवलं. त्यांच्या मते हळू, पण ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं हळू बोलणं केवढं असतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळ्या नाट्यगृहाने ऐकलं.

लोक खो खो हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, त्यांचं पाठ आहे!" डोअरकीपर ओठांवर बोट ठेवून धावत आला.

तेव्हाचा काकांचा चेहरा मी बघितला, म्हणजे काकूंनीही बघितला. काकांनी ओठ मिटले ते पडदा पडेपर्यंत उघडले नाहीत. काकूंनी मला तिथून हलवलं नाही.

बाहेर काकांनी विचारलं, "दिसलं ना सगळं?"

"सगळं दिसलं."

"आणि मधे कोणीतरी बोललं, ते ऐकलंस?"

"छे! वर काही ऐकू नाही आलं."

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

चार महिन्यांनी काकूंना दिसायचं पूर्ण थांबलं. आता काका त्यांच्याजवळ बसून विचारतात, "आठवतो का गं तो महाल? रंग कोणता होता?" काकू म्हणतात, "निळा." "अगं, लाल होता!" "हो की, लालच." राणी कुठून आली, शेवटी कोणता पडदा होता, एकही उत्तर बरोबर येत नाही. डोळ्यांपाठोपाठ हिची आठवणही चालली, असं काकांना वाटतं. परवा काकू झोपल्या असताना त्यांनी कपाटातून मला काढलं. "एवढं दाखवलं हिला, काहीच राहिलं नाही," असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले.

मला तोंड असतं तर मी तिथेच सांगून टाकलं असतं. काकूंना तोंड आहे, पण त्या कशा सांगतील? महाल पाहिला नाही म्हणावं, तर काय पाहिलं ते सांगावं लागेल. मग डोअरकीपर आला तेव्हाचंही येईल. त्यापेक्षा त्या विसरभोळ्या झाल्या आहेत.

मित्रांनो, माझ्या भिंगांवर आता बुरशी चढली आहे. तुमच्या घरी अशी एखादी म्हातारी दुर्बीण असेल तर तिला पुसून कोरड्या जागी ठेवा, एवढं तर मी मागणारच. पण आणखी एक मागते. तुम्ही कधी आपल्या माणसाकडे असं जीव लावून बघितलंत, तर त्याच दिवशी त्याला ते सांगून टाका. एकदा गप्प बसलं की मग बोलणं फार अवघड होतं.

आज दुपारीही काकांनी महालाचा रंग विचारला. काकू म्हणाल्या, "हिरवा."