गाडीवालीची बाटली

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की लांबेर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा आणि विव्हीनचे गुडघे आपोआप दुखायला लागायचे.

सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. बेल्जियममधल्या नामूरहून फ्रान्समधल्या बर्गंडीला, मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, द्राक्षमळेवाले वोशे यांच्या तळघरात वाइन चाखायला आणि घेऊन यायला. बेत लांबेरचा, फोन विव्हीनचा, आणि पाच तास जायला नि पाच तास यायला गाडी चालवायची तीही विव्हीननेच. तिचा नवरा लांबेर शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी नकाशावर बोट ठेवल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही. "लांग्रच्या अलीकडे धुकं असतं, तिथे सावकाश," असं तो दर वर्षी बजावायचा, आणि लांग्र येईपर्यंत शेजारच्या सीटवर घोरत पडलेला असायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त या घरात उंटही विव्हीनच होती.

बेतात पथ्यं फार. बारा ते दोन कुणाच्या दारात जायचं नाही, तिकडची माणसं जेवणावरून उठत नाहीत. आधी तांबडी चाखायची, मग पांढरी. आणि अंगाला अत्तर लावायचं नाही, कारण पिंपाशी उभं राहिलं की वाइनचा वास मारला जातो. हे लांबेरने पहिल्याच वर्षी सांगितलं तेव्हा विव्हीनने मार्चपुरती अत्तराची बाटली कपाटात ठेवली. पुढे पुढे ती वर्षभर कपाटातच राहायला लागली.

तळघरात ती कोट न काढता उभी राहायची. खाली बारा महिने गारठा. वोशेबाई नळीने पिंपातून वाइन काढायच्या, लांबेर डोळे मिटून घोट घ्यायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. नुसतं तोंडात घोळवून थुंकून टाकलं तरी चालतं, तिथे सगळेच थुंकतात. पण लांबेर म्हणायचा, "तू नकोच. गाडी चालवायची आहे, विषाची परीक्षा कशाला?" घरी रविवारी चार माणसं जेवायला बोलावून एखादी बाटली उघडली, तरी पाहुण्यांना शेवटी घरी सोडायला जायचं असायचं, आणि ते कोण जाणार हे सांगायला नको.

या वर्षी मात्र नकाशा पसरला गेला नाही. ऑक्टोबरमध्ये लांबेरच्या छातीत कळ आली. पंधरा दिवस इस्पितळ, मग गोळ्यांचा डबा. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलं, गाडी चालवायलाही परवानगी दिली. वाइन मात्र थेंबभरसुद्धा नाही म्हणाले. विव्हीनचा सगळा हिवाळा इस्पितळाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत आणि मग घरच्या जिन्यात गेला. ती इतकी दमली होती की रात्री झोपताना बूट काढणंसुद्धा एक काम वाटायचं.

मार्चच्या त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी सकाळी लांबेर खिडकीशी बसून म्हणाला, "वोशेंना फोन कर. या वर्षी येत नाही म्हणून सांग."

"नाव जाईल मग," विव्हीन म्हणाली.

तिचं म्हणणं खरं होतं. वोशेंची जमीन टीचभर. नवं गिऱ्हाईक ते घेतच नाहीत. जो दर वर्षी स्वतः येऊन चाखतो त्याच्या नावाच्या बाटल्या बाजूला ठेवतात, आणि एक वर्ष चुकलं की ते नाव खोडून रांगेतल्या पुढच्याला देतात. आजार असो की लग्न, सबब चालत नाही. लांबेरला ते नाव मिळवायला सहा वर्षं पत्रं पाठवावी लागली होती.

"जाऊ दे," लांबेर म्हणाला. "तोंडाला कुलूप लावून तिथे करू काय? इतर लोक पिणार आणि मी कोट घालून कोपऱ्यात उभा? पाच तास प्रवास करून? त्याला काही अर्थ आहे का, तूच सांग."

विव्हीन फोन करायला उठली. खरं तर तिचा जीव भांड्यात पडला होता. सुटलो एकदाचे, एवढंच तिला वाटलं. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आपण दहा वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

फोन स्वयंपाकघरात होता. पलीकडे खूप वेळ घंटी वाजत राहिली. मग वोशेबाईंचा धापा टाकणारा आवाज आला. ऐंशीला टेकल्या तरी बाई दिवसातून दहा वेळा तळघराचा जिना चढायच्या.

"मादाम विव्हीन! बोला. शनिवारीच ना? दहाला या, साडेदहाला पॅरिसवाले येणार आहेत, त्यांना नुसतं बोलायलाच हवं असतं."

विव्हीनने सगळं सांगितलं. छातीतली कळ, गोळ्या, डॉक्टर. वोशेबाईंनी मधे मधे अरेरे केलं.

"मग नाव सोडायचं म्हणता?"

"सोडा. नाइलाज आहे."

"बरं." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "आणि तुमच्या बाटलीचं काय करू?"

"ती सोडली म्हटलं ना आत्ता?"

"त्या मस्यूंच्या, तुमच्या यजमानांच्या. मी तुमच्या बाटलीचं विचारतेय. गाडीवालीच्या."

विव्हीनला काही कळेना.

"माझ्या सासऱ्यांची रीत आहे ही," वोशेबाई म्हणाल्या. "गाडी चालवणारा इथे पीत नाही, म्हणून त्याने कोरडं परत जायचं नाही. आमच्या घरच्या फडताळातली एक बाटली त्याची. घरी जाऊन निवांत प्यायची. दर वर्षी देते की तुम्हाला, पेन्सिलीने नाव घालून! मस्यूंच्या हातात देते. तुम्ही तेव्हा गाडी वळवत असता ना."

वोशेंचं अंगण अरुंद आहे. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला द्राक्षं दाबायचं जुनं यंत्र. मागे-पुढे करत गाडी वळवायला सात-आठ मिनिटं लागतात. दर वर्षी काचेतून विव्हीनला वोशेबाई आणि लांबेर दारात बोलत उभे दिसायचे. निघताना बाई खिडकीशी वाकून म्हणायच्या, "घरी पोचल्यावर निवांत उघडा हं." पुढच्या वर्षी गेल्या गेल्या विचारायच्या, "गेल्या खेपेची कशी होती?" आणि विव्हीनने तोंड उघडायच्या आत लांबेर वही काढून उत्तर द्यायला लागायचा.

"आवडत नाहीत का तुम्हाला?" वोशेबाईंनी विचारलं. आवाज जरा पडला होता.

"आवडतात तर!" विव्हीन म्हणाली. "फार आवडतात." परक्या बाईपुढे आपल्या घरची लक्तरं कशाला काढायची? पण बोलता बोलता तिचे कान तापले. "मादाम, नाव लगेच खोडू नका. संध्याकाळपर्यंत ठेवा."

"सहापर्यंत ठेवते. पण सहाच हं, रांग मोठी आहे."

लांबेर तसाच खिडकीशी बसला होता. विव्हीन समोरच्या खुर्चीवर टेकली.

"माझ्या बाटल्या कुठे आहेत?"

"कसल्या बाटल्या?"

"पेन्सिलीने माझं नाव घातलेल्या. सव्वीस."

लांबेरने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "त्या होय... त्या मी गुरुवारी फेर्नाँकडे नेत होतो. पत्ते खेळायला. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही."

"माझ्या बाटल्या."

"अगं पण तू पीत कुठे? तुला वाइन आवडत नाही ना. उगाच वाया कशाला घालवायच्या?"

"आवडत नाही असं कोण म्हणालं तुला?"

"कोण म्हणायला कशाला हवं? सव्वीस वर्षं बघतोय, एक घोट घेतला नाहीस तू तिथे."

"मी गाडी चालवत होते, लांबेर."

ती ओरडली नाही. ओरडायला लागणारी ताकद हिवाळ्यात खर्च झाली होती. एखाद्या मुलाने नकाशावर नदी उलटी वाहताना दाखवावी आणि बघता बघता तेच बरोबर निघावं, तसा लांबेरचा चेहरा झाला.

"सगळ्या नाही संपल्या," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्षीची आहे. ऑक्टोबरनंतर पत्ते बंदच झाले. आपल्या तळघरात, डावीकडे, बटाट्यांच्या मागे."

बटाट्यांच्या मागे! विव्हीन उठली आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरली. बाटली होती. लेबल नव्हतं, नुसती एक पट्टी चिकटवलेली, आणि तिच्यावर वोशेबाईंच्या तिरक्या अक्षरात: मादाम विव्हीनसाठी, गाडी चालवल्याबद्दल. सव्वीस वर्षांत या प्रवासाबद्दल कुणी तिचे आभार मानले नव्हते असं ती समजून होती. दर वर्षी कुणीतरी मानत होतं, आणि तिच्यापर्यंत ते येत नव्हतं. तिथेच बटाट्यांच्या पोत्यावर बसून ती थोडी रडली. मग गुडघे आखडतील म्हणून उठली.

दुपारी जेवायला कांद्याच्या पातीचं सूप होतं आणि कालचा पाव. विव्हीनने बाटली उघडली आणि स्वतःचा ग्लास भरला. लांबेरच्या पुढ्यात पाण्याचा होता.

"आधी वास घे," लांबेरला राहवेना. "ग्लास जरा फिरवून. आणि लगेच गिळू नकोस, जिभेच्या मागे..."

"गप्प बस."

विव्हीनने घोट घेतला. जरा आंबट, जरा ओल्या लाकडासारखं, आणि मग मागून काहीतरी उबदार. तिने दुसरा घेतला. लांबेर सूप सोडून तिच्या तोंडाकडे बघत होता, जणू पिंपापाशी तोच उभा आहे.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

तिने ग्लास खाली ठेवला. "मला कळतच नाही रे," ती म्हणाली. "चांगली आहे का बरी आहे का वाईट, काही कळत नाही. तुला सव्वीस वर्षं मिळाली शिकायला."

लांबेर सूपमध्ये चमचा फिरवत राहिला. सूप निवून गेलं. मग तो म्हणाला, "चुकलं माझं." तो हे क्वचितच म्हणायचा, आणि म्हणाला की त्याला खोकला यायचा. तसा तो आलाच.

विव्हीनला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही फारसं. उलट आणखीच दमल्यासारखं झालं. अंथरुणातला तो शनिवार, दहा वाजेपर्यंतचा, तिला अजूनही हवाच होता. पण सहा वाजता नाव खोडलं गेलं असतं, आणि त्या नावाबरोबर तिची ती एक पट्टीही.

साडेपाचला तिने कपाटातून नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. लांबेरने सवयीने बोट पुढे केलं.

"मी सांगते," विव्हीन म्हणाली. "सकाळी पाचला निघायचं. लांग्रच्या अलीकडे धुकं असतं, तिथे सावकाश. मी झोपले असले तर उठवू नकोस."

"म्हणजे मी चालवू?"

"डॉक्टर हो म्हणालेत. आणि जाड कोट घे, खाली गारठा असतो. तुला उभंच राहायचं आहे."

"सगळे पिणार, आणि मी नुसता..."

तो तिथेच थांबला. त्याने नकाशावरचं बोट मागे घेतलं.

विव्हीनने फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"येतोय आम्ही," ती म्हणाली. "शनिवारी, दहाला. नाव खोडू नका."

"बरं झालं बाई! पण मग मस्यू पिणार नाहीत तर..."

"ते गाडी चालवणार आहेत. चाखणार मी. मला काही येत नाही, तेव्हा तुम्हालाच शिकवावं लागेल."

पलीकडे वोशेबाई हसल्या. रीत ती रीत. "म्हणजे गाडीवाल्याची बाटली या खेपेला मस्यूंची?"

विव्हीनने लांबेरकडे पाहिलं. तो नकाशाची घडी घालत होता, आणि घडी काही त्याला जमत नव्हती.

"हो, त्यांच्या नावाची," ती म्हणाली. "पण द्या माझ्या हातात. ते तेव्हा गाडी वळवत असतील."