सातावर बसणारा फासा

मी एक जुना लोखंडी फासा आहे. मला वीस बाजू आहेत. मित्रांनो, मी जालन्यात, मस्तगडला संध्याताईच्या घरी राहतो. तिच्या राजानंदमामांनी उरलेल्या सळईचा तुकडा लेथवर गोल केला, कानशीने बाजू पाडल्या आणि प्रत्येकीवर आकडा ठोकला.

रविवारी सतरंजीवर गोष्टीचा खेळ रंगायचा. संध्याताई गोष्ट सांगायची. तिचा भाऊ आर्यन आणि शेजारची दीपमाला गोष्टीतले वीर व्हायचे. वीरांचे फासे प्लास्टिकचे, राक्षसांसाठी मी. मोठा आकडा आला तर राक्षसाचा वार लागायचा, दहाच्या आतला लहान आला तर चुकायचा. मी घरंगळू लागलो की सगळे श्वास रोखून बघत.

मग मोबाईलवर या खेळाचा ज्ञानकोश आला. जगभरचे खेळाडू त्यात लिहितात. कोणत्या राक्षसात किती बळ, कोणते शस्त्र कुठे चालते, सगळे त्यात. आता पोरे आधी त्याच्याकडे बघत, मग माझ्याकडे. त्याला ना वजन, ना कोपरे, तरी शब्द त्याचाच खरा! मी डब्यात पडून जळायचो. त्यात संध्याताईही तिथे लिहू लागली. गुहेतल्या जखिणीच्या पानावर तिने भर घातली, ‘ही जखीण भित्री असून तिचे वार सहसा चुकतात.’

दुसऱ्या दिवशी कुणा परक्या खेळाडूने ते वाक्य काढून टाकले. खाली विचारले, ‘आमच्याकडे तिने सगळ्यांना मारले. तुमचा फासा तपासला का?’

“त्याला काय कळतंय, ताई? आपली जखीण बिलकुल गरीब हाय,” आर्यन म्हणाला.

पण संध्याताई विज्ञान शिकलेली. दुपारभर ती मला टाकत राहिली. सात. पुन्हा सात.

“एका अंगाला जड आहे हा,” ती हळूच म्हणाली.

“मंग मी इतक्या जखिणी मारल्या त्या?”

“तुझ्या तलवारीनं न्हाई रे, मामाच्या कानशीनं!” दीपमाला खिदळली.

“भंगारात दे याला,” आर्यन फणकारला. मी गार पडलो.

संध्याताईने कोशात लिहिले, ‘आमची नोंद चुकीची होती. फासा सदोष निघाला.’ एवढ्या मोठ्या कोशात माझ्याबद्दल आहे ते एवढेच.

पुढच्या रविवारी राक्षसांसाठी नवा फासा आला. जखिणीच्या पहिल्याच वारात दीपमालाचा वीर मेला. खिदळणाऱ्या दीपमालाने नवा फासा बाजूला सारला. मग म्हणाली, “ताई, जखिणीपुरता तो लोखंडीच घे ना. आपली जखीण अशी न्हाई.”

आर्यनने मान खाली घातली आणि स्वतः उठून माझा डबा उघडला.

कोशातली जखीण सगळ्यांना मारते. मस्तगडची चुकते. तेवढे मात्र त्या कोशाला जमत नाही!

मित्रांनो, चुकीची नोंद जरूर दुरुस्त करा. पण ज्याच्यामुळे ती चुकली, त्याला लगेच भंगारात देऊ नका. आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवा. मला गंज चढतो. त्या कोशाला चढत नाही, याचाही मला राग येतो.